पाचांपैकी तीन

शिंपीमास्तर दवाखान्यात गेले होते ते नापास होण्याच्या आशेने. बायकोला मुलीच्या बाळंतपणासाठी जाऊन आठ महिने झाले होते. नातू रांगू लागला होता आणि इकडे मास्तरांच्या घरात दुपारचे ऊनही पाहुण्यासारखे अवघडून बसत असे. ‘ये आता’ एवढे म्हणायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती. मागच्या आठवड्यात फोनवर तीच हसत म्हणाली होती, “तुम्हाला काय धाड भरलीय? डॉक्टरांनी लेखी काही दिलं तर सांगा, त्याच दिवशी निघते.”

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट उघडला. “मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे पाच जणांची टोळी, मास्तर. कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड आणि चांगलं कोलेस्टेरॉल. तिघं बिघडले की निदान पक्कं.”

“माझे किती?”

“साखर एकशे सहा, म्हणजे जास्त. चांगलं कोलेस्टेरॉल कमी. बाकी दाब ठीक, ट्रायग्लिसराइड ठीक, कंबर शहाऐंशी सेंटीमीटर. दोनच. सुटलात!”

मास्तरांचा चेहरा उतरला. “कंबर कोणी मोजली?”

“मोजली कुठे?” नर्स म्हणाली. “तुम्हीच परवा चौतीस इंच सांगितलीत. म्हटलं, शिंप्याला काय टेप लावायची!”

मास्तर ओशाळले. गिऱ्हाइकाला ऐकवायचा आकडा वेगळा आणि कापडाला सांगायचा वेगळा, हे त्यांच्या धंद्यातले चाळीस वर्षांचे सौजन्य. स्वतःच्या पोटाशीही ते त्याच सौजन्याने वागले होते.

“खोटं बोललो,” म्हणत त्यांनी सदरा वर केला. “लावा टेप.”

“शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड, त्याच्या मधोमध लाव गं,” बाईंनी बजावले.

“काका, लोक इथं पोट आत ओढतात. तुम्ही फुगवताय!” नर्स हसली.

“फुगवू नका. साधा श्वास सोडा,” बाई म्हणाल्या.

मास्तरांनी श्वास सोडला. आठ महिन्यांचा असावा, इतका लांबला.

“चौऱ्याण्णव,” नर्स म्हणाली.

“नव्वदच्या वर. तीन झाले,” बाई गंभीर झाल्या. “आता रोज चालायचं, गोड—”

“लेखी द्या, बाई! शिक्क्यासकट!”

जिना उतरता उतरताच त्यांनी फोन लावला. “ऐकतेस? माझे तीन भरलेत. पाचांपैकी. लेखी आहे.”

पलीकडे कागदाची घडी उलगडल्याचा आवाज आला.

“माझे कालच चार निघाले,” ती हळूच म्हणाली. “कागद हातात घेऊनच बसलेय, तुम्ही कधी विचाराल म्हणून. शिक्काही आहे. आता तुम्हीच निघा.”