नंदीश सरांच्या अंगणातलं प्रस्थान

माणसानं जेवताना बोलू नये, असं आमचे वडील सांगत. त्यांचं ऐकलं असतं तर आज मी ट्रकात राहत नसतो.

झालं असं, की आमच्या समोरच्या बंगल्यातली मंडळी केदारनाथला जाऊन आली आणि प्रसाद द्यायला म्हणून आमच्याकडे तासभर बसली. प्रसाद चिमूटभर होता, मोबाईलमधले फोटो मात्र संपता संपेनात. प्रत्येक फोटोत बर्फ, आणि बर्फात उभे राहून दात काढणारे समोरचे काका. श्रीदेवीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, सगळे फोटो न कंटाळता बघितले. नंतर मला वाढताना ती एवढंच म्हणाली, "बरंय बाई लोकांचं. आमी आपलं फ्रीज उघडायचा आन् वरच्या खणात हात घालायचा."

एरवी मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण ते मला लागलं. मी तिला बघायला गेलो तेव्हा तिनं मला एकच प्रश्न विचारला होता, "तुम्ही बर्फ बघितलाय का?" आणि मी (तोवर मी बार्शीच्या पलीकडे गेलो नव्हतो) रुबाबात म्हणालो होतो, "लग्न झालं की दोघं मिळून बघू." त्या एका वाक्यावर पोरीनं होकार दिला, असं तिच्या माहेरी अक्कलकोटला अजून सांगतात. पुढं आमचा मुलगा इंजिनिअर होऊन पुण्याला गेला, माझ्या डोक्यावरचे केस गेले, बर्फाचं मात्र राहूनच गेलं.

"या मे महिन्यात तुला केदारचा बर्फ दाखवतो," मी घास गिळून म्हणालो.

"खरंच?" तिच्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली.

इथं मी थांबायला हवं होतं. पण बायकोच्या डोळ्यांत कौतुक दिसलं की माझ्या अंगात येतं. "आणि तोही आपल्या स्वतःच्या गाडीनं! रेल्वेनं जाणारी माणसं म्हणजे नुसती पार्सलं. इथं चढवली, तिथं उतरवली. प्रवास करावा तर रस्त्यानं." (आमची स्वतःची गाडी म्हणजे एक स्कूटर. पुलाचा चढ आला की श्रीदेवी उतरून चालत येते आणि वर माझी वाट बघत थांबते.) संध्याकाळपर्यंत हे पार्सलाचं वाक्य मी गल्लीतल्या सगळ्यांना ऐकवलं. समोरच्या काकांना तर दोनदा.

आता गाडी आणणं भाग होतं. माझा बालमित्र रुद्रप्पा याचं आमच्या सोलापुरातच होटगी रोडला भंगाराचं मोठं आवार आहे. तिथं बाभळीखाली एक हिरवा ट्रक उभा होता, लष्कराच्या लिलावात घेतलेला.

"राजू, ही गाडी घे लेका," रुद्रप्पा बॉनेटवर थाप मारून म्हणाला. थोडा रंग खाली पडला. "सगळं आयुष्य हिनं बर्फात काढलंय. स्टिअरिंग सोडून दिलं तरी बरोबर केदारलाच जाईल."

"ब्रेक लागतो ना?"

"लागतो की. दाबला की जरा इचार करून लागतो, एवढंच."

मी कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक आहे. कुणाच्याही अर्जात दहा चुका काढतो. पण या उत्तरात मला काहीच वावगं दिसलं नाही. गाडी रुद्रप्पा चालवणार होता. माझ्याकडे डावीकडचं दार सांभाळायचं काम होतं, कारण ते दार लागत नसे. सुतळीनं ओढून धरावं लागे.

ट्रक आमच्या दारात आला त्या दिवशी गल्लीतली कुत्री पळाली आणि माणसं बाहेर आली. श्रीदेवी उंबऱ्यात उभी राहून ट्रककडे बघत राहिली. मला वाटलं, तिला आनंद झाला आहे. ती काही न बोलता आत गेली.

केदारचं नाव ऐकून दुसऱ्या दिवशी अक्कलकोटहून माझ्या सासूबाई, काशम्मा, आल्या. आम्हा वीरशैवांना केदारचं पीठ म्हणजे जन्मात एकदा गाठायची जागा. सासूबाई ज्वारीच्या पिठाची दोन पोती घेऊनच आल्या. मग आमच्या घरात कडक भाकऱ्यांचा कारखाना सुरू झाला. ह्या भाकऱ्या पापडासारख्या पातळ थापून अशा खरपूस वाळवतात की महिनोन् महिने टिकतात. सासूबाई त्या तीन डब्यांत रचत होत्या. चौथ्या डब्यात शेंगाची चटणी होती. गाद्या, सोलापुरी चादरी, स्टोव्ह, पाण्याचं पिंप, माझे सगळे शर्ट, असं घर हळूहळू ट्रकात गेलं.

अडचण आली ती मुहूर्ताची. सासूबाईंच्या अय्यांनी, म्हणजे जंगम गुरूंनी, सोमवार सकाळचा मुहूर्त काढून दिला होता आणि प्राचार्यांनी मला रजा दिली होती शुक्रवारपासून.

"मग प्रस्थान ठेवा की," सासूबाई म्हणाल्या. "मुहूर्ताला आपली एक वस्तू जायच्या दिशेला कुणाच्या तरी घरी न्हेऊन ठेवायची. मग मानूस निघालाच आसं धरत्यात. पन एकदा ठेवलं की ते माघारी आनायचं न्हाय. माघारी आलं की यात्रा मोडली."

लोक यासाठी सुपारी आणि एखादं वस्त्र फडक्यात बांधून ठेवतात. पण लोक आणि मी यांत फरक आहे. ट्रकमुळे आमच्या गल्लीत घंटागाडी शिरत नव्हती. लोक कोपऱ्यापर्यंत कचरा नेत होते आणि जाताना माझं नाव घेत होते. एका दगडात दोन पक्षी मारावेत म्हणून मी अख्खा ट्रकच प्रस्थान म्हणून ठेवायचं ठरवलं.

उत्तरेला, पुण्याच्या रस्त्यावर बाळे गावात आमच्या कॉलेजातले भूगोलाचे नंदीश सर राहतात. मी त्यांना फोन केला.

"सर, सोमवारी तुमच्याकडं आमचं प्रस्थान ठेवावं म्हणतो."

"अहो, आनंदानं! पुण्याचं काम." मग फोनमध्येच त्यांचा आवाज आला, "चंद्रिका, देवघरातला कोनाडा रिकामा कर गं."

सोमवारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, चौघांनी ढकललं आणि ट्रक निघाला. सासूबाई आणि श्रीदेवी कुंकू लावायला म्हणून मागून रिक्षानं येणार होत्या. बाळ्यात नंदीश सरांच्या फाटकाशी पोचलो तर सर धुतलेल्या धोतरात उभे. हातात पाट. पाटावर रांगोळी.

"या, या! प्रस्थान कुठंय?"

"हे काय," मी सुतळी न सोडता वरून म्हणालो, "ह्याच्यातच बसलोय!"

सरांनी एकदा पाटाकडे बघितलं, एकदा ट्रककडे. तेवढ्यात ट्रक अंगणात शिरला. रुद्रप्पानं ब्रेक दाबला. ब्रेकनं विचार केला. विचार संपेपर्यंत आम्ही तुळशीवृंदावन, धुण्याचा दगड आणि सरांची सायकल मागं टाकून नव्या न्हाणीघराच्या भिंतीपासून वीतभरावर येऊन थांबलो. "बघितलास ब्रेक?" असं रुद्रप्पा म्हणतोय तोच मागं काहीतरी कडाडलं आणि आमचं नाक आभाळाकडे झालं.

सरांच्या संडासाच्या टाकीवरची फरशी फुटून मागचं चाक आत गेलं होतं.

पुढचं सगळं सावरलं असतं. रुद्रप्पानं लगेच क्रेनवाल्याला फोनही लावला. "हां, मागं ओढून काढायची हाय," असं तो म्हणतोय, इतक्यात रिक्षातून सासूबाई उतरल्या.

"मागं? कुटं मागं?"

"म्हंजे फाटकाकडं. सोलापूरच्या बाजूला."

"आगंगिल्ला!"

सासूबाई कन्नडवर गेल्या की विषय संपतो. हा शब्द कळायला कन्नड यावंच लागत नाही, त्यांचं तोंड बघितलं की पुरतं.

"आत्या, दहा फूट फक्त," मी सासूबाईंना अजिजीनं म्हणालो.

"धा फूट आसू दे न्हायतर धा कोस. मागं ते मागं. प्रस्थान हाय ते!"

"मग पुढं काढू या की," रुद्रप्पा म्हणाला. "न्हाणीघर तेवढं जाईल."

"अहो, परवाच फरशी बसवलीय त्यात!" नंदीश सरांचा आवाज चिरकला. पाट अजून त्यांच्या हातातच होता.

आता मलाच काहीतरी करायला हवं होतं. मी घसा साफ केला. "सर, तुम्ही भूगोलाचे. पृथ्वी गोल आहे. ट्रक मागं मागं नेत राहिलं, तर कधी ना कधी केदार येणारच की!"

सरांनी पाट खाली ठेवला. क्रेनवाल्यानंही फोन ठेवला.

संडासच गेल्यावर सरांच्या घरात राहणं शक्य नव्हतं. श्रीदेवीनं चंद्रिकावहिनींचा हात धरला आणि म्हणाली, "वहिनी, तुमी सगळे आमच्याकडं चला. घर रिकामंच हाय." मी समाधानानं त्यांच्यामागून रिक्षाकडे निघालो, तर सासूबाईंनी मला थांबवलं.

"तुमी कुटं? तुमी गाडीत बसून आलाय. म्हंजी तुमीबी प्रस्थान. आता घरचा उंबरा वलांडायचा न्हाय."

"आणि हा रुद्रप्पा?"

"त्यो ड्रायव्हर हाय."

तर असा मी ट्रकात राहायला आलो. कॉलेज बाळ्याच्याही पुढं, केदारच्याच बाजूला, म्हणून ऑफिसला जायची मुभा होती, फक्त घरी जायचं नाही. सकाळच्या विधींसाठी पेट्रोल पंपावर रांग लावायची, बादलीनं अंगणात आंघोळ करायची आणि तिरक्या ट्रकात उरल्यासुरल्या केसांचा तिरका भांग पाडून कॉलेजला जायचं. दुपारी पत्रा असा तापे की डब्यातल्या कडक भाकऱ्या आणखी कडक होत. बाळ्याची माणसं संध्याकाळी फिरायला म्हणून ट्रक बघायला येत. "काका, लढाई कुटं लागली?" असं एकानं विचारलं, तेव्हा "घरातच," असं मी खरं ते सांगितलं.

नंदीश सर मात्र रोज कडक इस्त्रीत ऑफिसात येत. "तुमच्या कॉटवर झोप काय छान लागते हो!" बुधवारी ते ढेकर देऊन म्हणाले, "काल वहिनींनी पुरणपोळी केली होती. तुमच्यासाठी आणणार होतो. पण त्या म्हणाल्या, ह्यांच्याकडं भाकऱ्या आहेत."

पुरणपोळीचं दुःख मी गिळलं. खरं दुःख वेगळंच होतं. शुक्रवार जवळ येत होता आणि ट्रक हलायचं नाव काढत नव्हता. सासूबाई मागं जाऊ देईनात, सर पुढं जाऊ देईनात. गादीवरून घसरत घसरत मी विचार करत राही, की लग्नाआधी दिलेला एक शब्द, तोही मला पाळता येऊ नये? श्रीदेवीनं आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटत होती, अगदी खरोखर.

शुक्रवारी सकाळी फाटकाशी रुद्रप्पाची जीप थांबली. आतून श्रीदेवी उतरली, मागून सासूबाई. मे महिन्याच्या उन्हात दोघींच्या हातावर स्वेटर. मी ट्रकातून खाली उडी मारली (म्हणजे घसरलो) आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं.

"श्रीदेवी, मी हरलो. मला माफ कर. तुझा बर्फ या वर्षीपण..."

"जरा सरका," ती म्हणाली. ट्रकात चढून तिनं आपली पिशवी घेतली, आईची घेतली आणि भाकऱ्यांचा एक डबा खाली दिला.

"हे कुठं नेतेस?"

"केदारला. दिल्लीची गाडी हाय दुपारी. पुढं हरिद्वार. नोंदणीबी केलीय."

"तिकिटं? तिकिटं कधी काढलीस?"

"ट्रक दारात आला की नाही, त्याच संध्याकाळी."

माझा ऊर भरून आला. काय ही बाई! माझ्या तोंडावर एक शब्द बोलली नाही, पण गुपचूप सगळी तयारी करून मोकळी. मी घाईघाईनं माझे शर्ट गोळा करायला लागलो. "बोगी कुठली आपली?"

"दोनच तिकिटं हायत," ती जरा ओशाळून म्हणाली. "एक माझं, एक आईचं."

"दोनच? आणि मी?"

"तुमी सगळ्या गल्लीत सांगितलं होतं की, रेल्वेनं जाणारी माणसं म्हणजे पार्सलं. मला काय माहीत, तुमाला पार्सल व्हायचंय म्हणून?"

मी गोळा केलेले शर्ट परत खाली ठेवले. "मग स्टेशनवर तरी सोडायला येतो," मी म्हणालो.

"सोलापूर स्टेशन मागं हाय," सासूबाई जीपमधून ओरडल्या. "आमी पुढं कुर्डुवाडीला गाडीत बसणार. तुमी हितंच थांबा. प्रस्थान हललं तर आमची यात्रा मोडंल."

श्रीदेवीनं जाताना माझ्या डोक्यावर टॉवेल ठेवला. "उन्हात बसू नका. पाणी पीत जावा." जीप पुण्याच्या रस्त्याला लागली आणि मी अंगणात उभा राहून हात हलवत राहिलो.

काल तिचा व्हिडिओ कॉल आला. मी ट्रकाच्या सावलीत बसून भाकरी मोडत होतो. पडद्यावर नुसतं पांढरं. मग त्यात श्रीदेवी दिसली, माझीच माकडटोपी घातलेली, हातात बर्फाचा गोळा. ती इतकी हसत होती की तिला बोलता येईना. बघायच्या कार्यक्रमातली ती मुलगी मला आठवली आणि माझे डोळे भरून आले. बर्फ दोघांनी मिळून बघायचा होता, आणि आता तसंच चाललं होतं, एकीनं तिथून आणि एकानं बाळ्यातून.

"दिसतोय का हो?"

"दिसतोय गं. छान दिसतोय."

"तुमचं कसं चाललंय? ट्रक हलला?"

"नाही. इंचभरही नाही."

तेवढ्यात पडद्यात सासूबाईंचं तोंड आलं. नाकावर बर्फ होता आणि चेहऱ्यावर, लग्नानंतर पहिल्यांदाच, माझ्याविषयीचं निखळ कौतुक.

"लई उपकार झाले बघा, जावईबापू. तुमी तितं गप बसून ऱ्हायला, म्हणून आमची यात्रा सुखरूप झाली. पुढच्या साली काशीला जायचंय आमाला. तवाबी तुमालाच ठेवू."