अण्णासाहेब आणि सार्वजनिक जागा

आमच्या घरी आले की अण्णासाहेब वकील फाटकाशीच थांबत आणि ओरडून विचारत, "सूनबाई, ही जागा सार्वजनिक की खाजगी?"

बायको आतून म्हणे, "चहापुरती सार्वजनिक!" मगच ते पायरी चढत.

त्या वर्षी त्यांनी नागपूरच्या आमच्या धंतोलीत कोणालाच सोडलं नाही. अर्धी दाढी झाल्यावर न्हाव्याला म्हणाले, "दुकान तुझं खाजगी, मग मी आत कसा आलो गा?" न्हावी वस्तरा धरून विचारात पडला. मी त्यांचा ज्युनियर, मला सवय होती.

याच्या मुळाशी उमरेडच्या गिरजाबाईचा खटला होता. तिचा नवरा लाकडाच्या डेपोत चहा विकायचा. रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकखाली सापडून तो गेला. विमा कंपनी म्हणाली, आमची जबाबदारी सार्वजनिक जागेतल्या अपघातापुरती. डेपोचं आवार खाजगी. ट्रकमालक कफल्लक. कंपनी सुटली असती तर बाई उघड्यावर पडली असती.

अण्णासाहेब एसटीनं उमरेडला गेले आणि डेपोच्या आवारात स्टूल टाकून बसले. दुपारी मॅनेजर खेकसला, "काहून बसून राहिले इथं?"

"मले कोणी अडवते का, तेच पाहून राहिलो."

सकाळपासून कोणीच अडवलं नव्हतं.

कोर्टात त्यांनी त्याच मॅनेजरला उभं केलं. "फाटकावर 'आत येण्यास मनाई' अशी पाटी आहे?"

"आहे."

"मग जळणाला लाकडाचे छिलपे वेचणाऱ्या बाया?"

"त्या येतच राहतात, साहेब."

"शेळ्या?"

"त्याही."

"शेळ्यांचं सोडा. बायांना कधी हाकललं?"

"नाही."

कंपनी हायकोर्टात गेली, तिथंही हरली. लोकांना जिथं मोकळेपणी जाता येतं ती सार्वजनिक जागा, असं न्यायमूर्तींनी म्हटलं, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाररूममध्ये मी दिसेल त्याला सांगत होतो, मी यांचा ज्युनियर!

निकाल कळवायला अण्णासाहेब स्वतः मला घेऊन उमरेडला निघाले. गिरजाबाई आधी रडली, मग तिनं आम्हाला जेवायला बसवलं.

जेवण होत आलं तशी ती म्हणाली, "आता निघा वकीलसाहेब, घरी वाट पाह्यत असतीन."

प्रत्येक प्रश्नाला उलटा प्रश्न करणारा हा माणूस ताटाकडे बघत म्हणाला, "नाही बाई. कोणी नाही."

तिनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकर वाढली.

बाहेर नागपूरची एसटी हॉर्न देत होती. मी उठायला लागलो. अण्णासाहेबांनी माझा हात धरून मला खाली बसवलं आणि तिला विचारलं, "वरण आहे का वं, थोडं?"