गुडघाभर पाणी

अमेरिकेहून दीनाचं पत्र आलं, तेव्हा आमोस मास्तरांनी ते दारातच उभं राहून वाचलं आणि धोतराचा सोगा सावरत आत धावले. “हन्ना, पोर यायचं म्हणतीय. नाताळाला. आपला होकार गेला की तिकीट काढील.”

हन्नाबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “लिवा, येऊ नको.”

“का?”

“इमान पान्यात पडलं तर?”

ही भीती म्हणजे मास्तरांचीच करणी होती. चार वर्षांपूर्वी दीना नर्सिंग शिकायला निघाली, तेव्हा तिचं विमान धुक्यात चुकून धावपट्टीच्या अलीकडे खाडीत उतरलं होतं. पाणी उथळ होतं. विमान तळाला टेकून उभं राहिलं, माणसं होडग्यांत बसून काठाला आली आणि कुणाला खरचटलंसुद्धा नाही. एवढंच तिनं कळवलं होतं. पण तिसगावच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारी उभं राहून देवाच्या उपकाराची साक्ष द्यायची असते, आणि साक्ष म्हटल्यावर गुडघाभर पाण्यात काय दम? पहिल्या वर्षी मास्तरांनी ते छातीपर्यंत नेलं, दुसऱ्या वर्षी डोक्यावरून. तिसऱ्या वर्षी देवमासा आला. आणि आता दुष्काळात विहिरी कोरड्या पडल्यावर तर ऐकणाऱ्यांनाच पाणी पुरेना.

“मास्तर, जरा लाटांचं सांगा,” मंडळीतला बन्सी दर रविवारी म्हणायचा आणि डोळे मिटून ऐकायचा.

आता हन्नाबाईंची भीती घालवून लेकीला आणायचं, तर साक्ष दिली तिथंच खरं सांगणं भाग होतं. अख्ख्या मंडळीसमोर खोटं पडायचं म्हणजे चाळीस वर्षांची मास्तरकी मातीत. दोन दिवस मास्तरांना भाकर गोड लागली नाही. पण दीनाला बघून चार वर्षं झाली होती. तिचा आवाज कसा होता, हेही हल्ली नीट आठवेनासं झालं होतं.

रविवारी ते उभे राहिले. “बंधुभगिनींनो, हन्ना भिऊन पोरीला येऊ नको म्हणतीय. पण पाणी गुडघाभरच होतं. लाटा नव्हत्या. देवमासा मी घातला.”

बन्सीनं डोळे उघडले. “गुडघाभर? मग आमी चार वर्सं काय ऐकलं?”

मंडळीचे पाळक दानीएल उठले आणि त्यांनी उपरण्याने डोळे टिपले. “बघा मंडळी, बापाचं काळीज. बायकोची भीती जावी, पोर घरी यावी, म्हणून हा सत्यवचनी माणूस आज देवाच्या घरात खोटं बोलतोय. प्रभू त्याला क्षमा करो.”

सगळ्यांनी “आमेन” म्हटलं. मास्तर पुन्हा उभे राहायला लागले, तर मागं बसलेल्या केशरबाईंनी मायेनं त्यांना सदऱ्याला धरून खाली बसवलं.

घरी जाताना मास्तर रडकुंडीला आले होते. “तू तरी विश्वास ठेव, हन्ना.”

“मला कवाच ठावं हाय,” हन्नाबाई म्हणाल्या. “तुमी देवमासा आनला तवाच शेजारच्या पुष्पावतीकडनं पोरीचा जुना कागद वाचून घेतला मी.”

मास्तर जागीच थांबले. “मग येऊ नको का म्हणतीस?”

हन्नाबाई चालतच राहिल्या. “दोन दिसाआड टँकर येतो, दोन हंडं पदरात पडत्यात. लेक चार वर्सांनी दारात उबी ऱ्हानार. तिच्या पायावर तांब्याभर पानी तरी वतायला नगं? तितं नळाखाली न्हानारी पोर ती. काय म्हनंल?”

घरी येऊन मास्तर लिहायला बसले. पाणी वाढवण्यात चार वर्षं घालवलेल्या माणसाला ते एवढंसं वाक्य लिहायला अर्धा तास लागला. मग त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं: “दीनाबाळ, इथे पाणी नाही.”

हन्नाबाईंनी ऐकलं. कागदाकडे बघत राहिल्या. मास्तर खाली सही करू लागले, तसा हन्नाबाईंनी त्यांचा हात धरला.

“थांबा की,” त्या म्हणाल्या. “फुडं लिवा. तरी बी ये.”