सुईण म्हणून जोडलेलं कासव

एका जंगलात कोणी कोणाला नावाने हाक मारायची नाही, असा नियम होता. हसू नका, मुलांनो. नियम सिंहाने केला होता.

हत्ती हवा असेल तर ‘ओझंवाला पाठवा’ म्हणायचं. कोणाला पाठवायचं ते कोल्हा ठरवायचा. कोणत्या कामाला कोणता प्राणी, या जोडण्या त्याच्या हातात होत्या. उद्या हत्ती मेला तर गेंडा जोडू, हाक मारणाऱ्याला कळणारही नाही, असं तो मिशीवर ताव देऊन सांगे.

जोडणी चुकली की पोपट ओरडे. त्याचं तेवढंच काम.

हरिणीचे दिवस भरत आले. कोल्ह्याने आधी तालीम घेतली.

“सुईण पाठवा,” हरिणी म्हणाली.

“सुईण जोडलेली नाही!” पोपट ओरडला.

कोल्ह्याने वानरआत्याला जोडलं. जंगलातली निम्मी पिल्लं तिच्याच हातची.

“आत्याला मदतनीस लागते!” पोपट ओरडला.

कोल्ह्याने खार जोडली.

“खार आत्याशिवाय निघत नाही! आत्या खारीशिवाय निघत नाही!”

सिंहाचं डोकं उठलं. तो कोल्ह्याला म्हणाला, “हा ओरडा बंद कर, नाहीतर तुला बघतो.”

कोल्ह्याने आत्याला काढून कासव जोडलं. कासवाला मदतनीस लागत नव्हती. काहीच लागत नव्हतं. काहीही विचारा, ते म्हणे, “सगळं ठीक आहे.”

“तालमीपुरतं हं,” कोल्हा म्हणाला.

पोपट गप्प झाला. सिंह खूश झाला. आणि कोल्हा विसरला. विसरणारच की, पोपटाला ओरडायला काही उरलंच नव्हतं!

मग एका सकाळी हरिणीला खऱ्या कळा सुरू झाल्या. पिल्लू आडवं आलं होतं. तिने सुईण मागितली. दुपारी कासव पोचलं.

“अहो, पिल्लू अडलंय!”

“सगळं ठीक आहे.”

“मी मरतेय हो!”

“सगळं ठीक आहे.”

पोपटाने वरून पाहिलं. जोडणी पक्की होती. तो पेरू खात बसला. मला त्या पोपटाचा अजून राग येतो.

शेवटी हरिणी किंचाळली, “वानरआत्या, धाव गं!”

आत्या शेजारच्याच झाडावर होती. तिने खारीची वाट न बघता उडी टाकली, पिल्लू फिरवलं, अलगद ओढून काढलं. मायलेकरं वाचली.

संध्याकाळी दरबार भरला. जोडणी नसताना बाळंतपण केलं म्हणून आत्याला जंगलाबाहेर काढलं. नाव घेतलं म्हणून हरिणीला समज दिली. कासवाला शाल आणि नारळ मिळाला.

“कसं वाटतंय?” सिंहाने विचारलं.

“सगळं ठीक आहे,” कासव म्हणालं.

तात्पर्य : पोपट गप्प असेल, तर मरणाऱ्याने आपण मरत नाही असे समजावे.