नेनेकाका आणि मदरबोर्ड

“नेन्यांच्या कानावर जाऊ देऊ नका हं,” आई जिन्यातच बाबांना म्हणाली. “नाहीतर दिवाळी येऊन जाईल, पण कॉम्प्युटर यायचा नाही.”

समोरचं नेनेकाकांचं दार नेहमीप्रमाणे अर्धवट उघडं होतं. ते आतून हलकेच लोटलं गेलं. आई-बाबांच्या लक्षात आलं नाही. मी पाहिलं.

मला नोकरी लागली होती, म्हणून घरात नवा कॉम्प्युटर यायचा होता. बाबांनी शोरूममधला तयारच पसंत केला होता. म्हणजे निवडायचं काही उरलंच नव्हतं, आणि निवडणं हा तर काकांचा प्रांत.

काका खडकीच्या कारखान्यात माल तपासायच्या खात्यात होते. निवृत्तीनंतर तपासायला काही उरेना, तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर धरले. सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीतल्या बहुतेक घरांचे प्रोसेसर आणि मदरबोर्ड त्यांनीच निवडलेत, बुधवार पेठेतल्या दुकानदारांना घाम फोडून.

दुकानात जायच्या आधी ते घरी येणार, चहा घेणार आणि विचारणार, “समोर बसणार कोण?” वडीलमंडळी उत्तर द्यायला लागली की, “आपण बसणार का? नाही ना? मग आपण चहा घ्या.” खालच्या मजल्यावरच्या साठ्यांना सगळ्यात वेगवान प्रोसेसर हवा होता. चौकशीत निघालं की बसणार ते स्वतः, आणि खेळणार पत्ते.

“पत्ते पिसायला एवढा प्रोसेसर?” काका म्हणाले. “त्यापेक्षा एक माणूस ठेवा. बोलेल तरी तुमच्याशी.”

लोक प्रोसेसरचा वेग विचारत. काकांचा जीव मदरबोर्डात. “प्रोसेसर पाहुणा आहे हो. दोन वर्षांनी दुसरा येईल. बोर्ड म्हणजे घर. नव्याला जागा देईल का, ते आधी बघा.” दुकानात ते बोर्ड कडेनं धरत आणि चष्मा कपाळावर चढवून एकेक खाच न्याहाळत.

“काका, सगळे हाच नेतात,” दुकानदार म्हणे.

“सगळे सिग्नलही तोडतात.”

“या प्रोसेसरला चालेल बहुतेक. बसवून बघू.”

“चप्पल आहे का, बसवून बघायला?”

मग निवड पुढच्या शनिवारवर जाई, कारण याहून चांगला बोर्ड येणार असल्याचं त्यांनी कुठेतरी वाचलेलं असे. आईचा राग होता तो यावर. पण त्यांनी निवडलेलं मशीन रुसून बसल्याचं मला तरी आठवत नाही.

आमचा पहिला कॉम्प्युटर घेताना मी नववीत होते. शाळा इंग्रजी, त्यामुळे मोठ्यांशी मराठीत बोलताना मी आधी मनात वाक्य जुळवायची. तोवर माझ्या वतीनं कोणीतरी उत्तर देऊन मोकळं होई. काकांनी त्यांचा प्रश्न विचारला. आईनं तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला आणि थांबले. चहावर साय धरली. शेवटी मी म्हटलं, मला प्रोग्रॅम लिहायचेत.

“उत्तम,” ते म्हणाले. “मग मेमरीला जागा जास्त लागेल.” आणि गार चहा एका घोटात प्यायले.

त्यांच्या स्वतःच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. खिडकीशी रिकामं टेबल होतं. त्यावर काकूंनी घातलेलं फुलाफुलांचं कापड काकू गेल्यावरही तसंच होतं. मी एकदा विचारलं, “काका, तुमच्यासाठी कोणता बोर्ड?”

ते हसले. “समोर बसणार कोण, ते ठरायला नको का?”

रविवारी आम्ही शोरूमला निघालो. बाबा स्कूटर काढायला खाली गेले. काकांचं दार आज पूर्ण बंद होतं. मी बेल वाजवली.

काकांनी दार उघडलं. अंगात बुधवार पेठेत जाताना घालायचा तो इस्त्रीचा शर्ट होता.

“निघालात ना? जा, जा,” ते घाईघाईनं म्हणाले. “तयार मशीनही चांगलं असतं हं.”

“चल गं, बाबा थांबलेत,” आई मागून म्हणाली.

“काका, चपला घाला,” मी म्हटलं. “तुम्ही बघितल्याशिवाय मी बोर्ड घेणार नाही.”