सरकारजमा झालेली खाट

पूनमसिंगनं खासदारसाहेबांना गाठून तांड्यावरच्या आरोग्य उपकेंद्राची तक्रार केली, तेव्हा त्याचा राग खरा होता. केंद्रात खाट नाही, पंखा नाही, प्यायला पाणी नाही, मग आरोग्य खातं करतं काय? खासदारांनी तोच प्रश्न लोकसभेत टाकला आणि पूनमसिंग मिशीला पीळ देत हिंडू लागला.

नेमक्या त्याच दिवसांत भर दुपारी त्याच्या सुनेला, रंजिताला, कळा सुरू झाल्या. दवाखान्याची गाडी नाल्यापलीकडे अडकली. उपकेंद्राच्या उज्ज्वला सिस्टरनं स्वतःची सतरंजी फरशीवर अंथरून तिला बाळंत केलं. नात झाली, पण बाळ रडेना, तर पाठ चोळून चोळून त्याला रडतं केलं. मग पूनमसिंगही रडला.

"बेटी, तुह्ये उपकार कसे फेडू?"

"ते राहू द्या, काका. दिल्लीहून विचारणा आली. परवा यवतमाळचे साहेब चौकशीले येऊन राह्यले."

पूनमसिंगच्या पायाखालची जमीन सरकली. आपल्या तक्रारीपायी या पोरीची नोकरी जाणार! त्यानं खासदारांच्या कचेरीत फोन लावला.

"माहा प्रश्न वापस द्या."

"काका, लोकसभेतला प्रश्न हाये तो. बाजारातलं लुगडं नाही वापस घ्यायले."

चौकशीच्या सकाळी उज्ज्वला शेजारच्या गावी लसीकरणाला गेली होती. तेवढ्यात पूनमसिंगनं घरची खाट केंद्रात आणली. त्याची बायको हंसाबाई मागून ओरडत होती, "अवं, मी झोपू कुठं?" शेजारच्या रूपसिंगनं पंखा दिला, कोणी माठ, कोणी चादरी. खोली पाहुण्यांसाठी सजवावी तशी सजली.

साहेब खूश झाले. "तक्रार खोटी दिसते," ते म्हणाले. सरकारी वस्तूंवर नंबर नाहीत हे पाहून सोबतच्या कारकुनानं पिशवीतून रंगाचा डबा काढला आणि खाटेच्या पायावर ठसठशीत 'उपकेंद्र १' रंगवून खाट नोंदवहीत चढवली.

तेवढ्यात उज्ज्वला परतली. तिनं पूनमसिंगला बाजूला ओढलं. "काय केलं हे, काका! कधीपासून मी हेच मांगून राह्यली. तुमच्यामुळं पहिल्यांदा कोणी विचारलं. आता साहेब 'सगळं हाये' लिहितीन, अन् पुढची बाई पुन्हा फरशीवरच बाळंत होईन!"

पूनमसिंगला चूक उमगली. तो पुढं झाला.

"साहेब, खाट माही हाये. पंखा रूपसिंगचा. माठ, चादरी, सगळं तांड्याचं."

"मग इथं सरकारचं आहे तरी काय?"

पूनमसिंगनं उज्ज्वलाकडे बोट केलं. "ही. एवढीच हाये, साहेब. पण लय चांगली हाये. तक्रार म्याच केलती, ते खातं काही देत नाही म्हणून. हिच्याबद्दल नाही. दिल्लीले तसंच लिहा."

साहेबांनी कागद काढला. मग त्यांनी तसंच लिहिलं. लोकसभेत तसंच उत्तर आलं, आणि दिवाळीच्या आत नवी खाट, पंखा, पाण्याची टाकी, सगळं आलं. तांड्यानं सिस्टरला हार घातला. तिनं तो काढून पूनमसिंगच्या गळ्यात टाकला.

फक्त नव्या खाटेला दोन नंबर पडला, कारण एक नंबर पूनमसिंगच्या घरी परत गेला होता. सरकारी कागदावर चढलेली खाट सहजासहजी उतरत नाही. त्यामुळं कारकून दरवर्षी तपासणीला तांड्यावर येतो, तेव्हा एक नंबर बघायला त्याला हंसाबाईच्या ओसरीवर यावंच लागतं. तिथं नात झोपलेली असते. हंसाबाई त्याच्यापुढं चहा ठेवते आणि खाट हलवून दाखवते.

"पाय डुगडुगते, साहेब. सरकारी खाट हाये ना? दुरुस्त करता, का लोकसभेत विचारू?"