फीत पुन्हा बांधण्यात आली

शर्यतीत पहिला कोण आला हे धावणाऱ्यांवर अवलंबून नसते, टेबलावर अवलंबून असते. टेबल, खुर्ची, दौत आणि खुर्चीत बसणारा एक गृहस्थ एवढे साहित्य जमले की निकाल लागतो. धावणारे असले तर उत्तमच. अंधेरी पूर्वेच्या आमच्या ‘उपनगर धावक मंडळा’ने हे तत्त्व स्थापनेच्या दिवशीच ओळखले होते, याचा सभासद या नात्याने मला अभिमान आहे.

मंडळाला १९८४ साली पन्नास वर्षे झाली. आदल्या वर्षी देशाने क्रिकेटचा विश्वचषक जिंकल्यामुळे बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत जो तो खेळांच्या इतिहासावर बोलत होता (खेळणाऱ्यांच्या संख्येत वाढ आढळली नाही). तेव्हा आम्हीही स्मरणिका काढायचे ठरवले. दोन हजार प्रती, उपनगरातल्या सगळ्या शाळांना फुकट, आणि पहिल्याच पानावर १९३४ सालच्या पहिल्या शर्यतीची मूळ नोंद जशीच्या तशी. या कामासाठी इतिहास उपसमिती नेमली गेली. अध्यक्ष काशीराम, एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. चिटणीस जयवंत, साकीनाक्याला एका गाळ्यात लेथ चालवणारा तरुण. तिसरा मी. कीर्तनात बुवा पूर्वरंगात सिद्धान्त मांडतात आणि उत्तररंगात कथा लावतात. आमच्या उपसमितीने पाच महिने नुसता पूर्वरंगच रंगवला. सहाव्या महिन्यात जयवंतने नोंदवही उघडली, तेव्हा कथा लागली.

शर्यत साकीनाका ते खारदांडा अशी सहा मैलांची होती. सुरुवात सकाळी सातला, स्पर्धक अकरा. धावताना प्यायलेले पाणी थेट फुप्फुसात जाते असे तेव्हाचे शास्त्र असल्याने पाण्याला सक्त मनाई होती, आणि दर मैलाला एक कच्चे अंडे मिळत असे. माळकऱ्यांच्या भावना दुखावू नयेत म्हणून त्यांच्यासाठी अंड्याऐवजी एरंडेलाची सोय होती. (माळकरी दोन होते. दोघेही पहिल्या मैलानंतर दिसले नाहीत.) तिघे जण पार्ल्याला एकाच्या मावशीकडे घावन खायला थांबले, त्यांच्यापुढे ‘विश्रांती’ असा शेरा आहे. एक जण लग्नाच्या बँडमागे वळून जुहूला पोहोचला. एकाने सांताक्रूझपासून बैलगाडी केली, आणि नियमांत बैलगाडीचा उल्लेख नसल्यामुळे त्याला दुसरे बक्षीस देण्यात आले. आणखी तिघांचा शोध चालू आहे, असे वहीत आहे. तो अजून थांबवल्याची नोंद नाही.

त्याखाली पंच धोंडिराम यांच्या सुवाच्य अक्षरात निकाल आहे:

‘८ वाजून २५ मिनिटांनी एका भाजीवालीने डोक्यावरील पाटीसह फीत तोडली. फीत पुन्हा बांधण्यात आली. ८ वाजून ५० मिनिटांनी स्पर्धक क्रमांक ४, सीताराम, प्रथम आला. सदर भाजीवालीने वाटेत क्रमांक ४ यास ओढ्यात ढकलल्याचे समजते.’

यातल्या दुसऱ्या वाक्याची शांतता पाहावी. ना त्रागा, ना आश्चर्य. फीत तुटली, बांधली. एखादा सामान्य पंच असता तर त्याने मान वर करून पाहिले असते.

ती भाजीवाली म्हणजे मरोळची जोसेफीन. वय तेव्हा सतरा. पहाटे साकीनाक्याजवळच्या मळ्यात वांगी तोडायची, पाटी डोक्यावर घेऊन खारदांड्याला जायचे, वांगी देऊन मासळी घ्यायची, हा तिच्या घरचा रोजचा शिरस्ता. होड्या लागायच्या आत पोहोचायला हवे म्हणून ती नेहमीच भरभर जायची. त्या दिवशी रस्त्यात काही पुरुष अर्ध्या चड्ड्यांवर रेंगाळत होते, एवढेच तिच्या लक्षात आले. खारच्या अलीकडे त्यांतला एक ओढ्यात पडलेला दिसला. तिने पाटी उतरवली, त्याला दंडाला धरून बाहेर काढले, पाटी पुन्हा डोक्यावर घेतली आणि पुढे गेली. बाजाराच्या तोंडाशी कोणी दोरा बांधला होता. तो तुटला.

विजेता कप घेऊन निघून गेल्यावर पंचांनी निकाल त्याच बाजारात मोठ्याने वाचला. माणसाला ओढ्यात ढकलणारीची वांगी खारदांड्यात दोन महिने कोणी घेतली नाहीत, आणि मरोळला तिचे नाव ‘ढकलबाई’ पडले ते आजतागायत आहे. पन्नास वर्षांनी ती ओळ छापून शाळाशाळांत वाटण्याचे आम्ही ठरवले होते. त्यांतल्या एका शाळेत तिची नात अँजेलिना आठवीत शिकत होती.

ही बातमी जोसेफीनबाईंना स्वतः विजेत्यानेच दिली. सीताराम गिरणीतून निवृत्त होऊन घाटकोपरला राहत होते. सत्कारासाठी जयवंत त्यांच्याकडे गेला आणि त्याने वही वाचून दाखवली. दुसऱ्याच दिवशी हे बहात्तर वर्षांचे गृहस्थ बस बदलत मरोळला गेले, बाईंना शोधून काढले, आणि दोघे मिळून आमच्या बैठकीला हजर झाले. बरोबर पहिल्या बक्षिसाचा कप होता. सीतारामांच्या घरी त्यात सुईदोरा ठेवत असत. आतली दोन रिळे काढायची राहून गेली होती.

“तिणा माका ढकलूक नाय,” सीताराम म्हणाले. “मीच घसारलंय. अंडा बाधला माका. तिणाच माका भायर काढल्यान. ह्यो कप तिचो.”

“मना कप नको बाबा,” जोसेफीनबाई म्हणाल्या. “ती एक ओळ खोड. पोरीच्या शालेत जायच्या आधी खोड.”

“काका, एक ओळ आहे,” जयवंत म्हणाला. “पेन द्या, आत्ता खोडतो. दोन मिनिटांचं काम.”

काशीराम यांनी वही मिटली. “इतिहास आहे तो, जयवंता. तुझं लेथ मशीन नाही.”

मग त्यांनी कायदेशीर बाजू समजावून सांगितली, आणि ती ऐकताना मला काशीराम यांच्याविषयी असलेला आदर दुणावला. सीताराम यांची साक्ष घेता येत नाही, कारण ते ओढ्यात पडले होते, म्हणजे प्रकरणात त्यांचा संबंध येतो. जे पडले नव्हते त्यांची साक्ष चालेल, पण ते तेथे नव्हते. जोसेफीनबाईंना हरकत घेता येत नाही, कारण त्यांनी प्रवेश अर्ज भरलेला नव्हता. नोंद बदलण्याचा अधिकार फक्त पंचांना, आणि पंच १९५२ साली वारले, त्यामुळे त्यांचे मत कायम आहे.

“अर्ज नाय भरल्यान, तर तिचा नाव वहीत कशाक?” सीतारामांनी विचारले.

“नाव कुठे आहे? भाजीवाली आहे फक्त.”

“मग ती मी नाय म्हून छाप,” जोसेफीनबाई म्हणाल्या.

“तसं छापलं तर मग कोण, असा प्रश्न येईल.”

“येऊं दे. पन्नास वरसां माझ्याकरे आलाय. आता तुझ्याकरे येऊं दे.”

काशीराम यांनी चष्मा पुसला. माणूस कठोर नव्हता. चहा त्यांनी स्वतः मागवला, बाईंना बशीसकट दिला. आणि चहा संपेपर्यंत त्यांना मार्गही सापडला. जाहीर नोटीस लावायची, तीस दिवसांची मुदत द्यायची. उपनगरात राहणाऱ्या, मंडळाचा सभासद नसलेल्या, कोणत्याही पक्षाचा नातेवाईक, शेजारी किंवा गाववाला नसलेल्या एका त्रयस्थ नागरिकाने ‘दुरुस्तीस माझी संमती आहे’ असे लिहून खाली सही केली की ओळ खोडायची. एकच सही. यापेक्षा उदार अट मी तरी कोणत्या मंडळात पाहिलेली नाही.

नोटीस चार ठिकाणी लागली: अंधेरीला स्टेशनबाहेर, घाटकोपरला वाचनालयात, बोरिवलीला मंडईच्या दाराशी आणि मुलुंडला देवळाच्या मंडपात, जेथे त्या महिन्यात रोज कीर्तन होते. जयवंतने मजकूर सोप्या मराठीत लिहिला. भाजीवालीने माणूस वाचवला, वहीत ढकलला असे आहे, चूक दुरुस्त करायची आहे, सही करा. शेजारी सुतळीने पेन बांधले.

मरोळहून सेहेचाळीस सह्या आल्या. शेजारी म्हणून त्या बाद झाल्या. सीतारामांच्या चाळीतून एकोणीस आल्या, त्याही त्याच कारणाने बाद. त्रयस्थांच्या रकान्याची स्थिती अशी होती: पहिला आठवडा शून्य, दुसरा शून्य, तिसऱ्या आठवड्यात बोरिवलीला कोणी वांग्यांचा भाव विचारून गेले, चौथा पुन्हा शून्य. पेने मात्र चारही ठिकाणची गेली. नवी बांधली, तीही गेली. एकूण अकरा पेने नागरिकांनी नेली, तेव्हा लोकांपाशी लिहायला काही नव्हते असे म्हणता येणार नाही. हरकत घेणारेही शून्य. याचा अर्थ उपनगरातला एकही माणूस बाईंच्या विरोधात नव्हता, हे उपसमितीने समाधानपूर्वक नमूद केले.

एकतिसाव्या दिवशी मजकूर छापखान्यात गेला.

समारंभाला जोसेफीनबाई नातीला घेऊन आल्या. जयवंतने त्यांना पहिल्या रांगेत बसवले. स्मरणिकेची प्रत हातात आल्यावर त्यांनी ती उघडली नाही. “खोडली?” एवढेच विचारले.

“नाही, मावशी. मुदतीत कोणी आलं नाही.”

“कोन पन नाय? एक पन?”

“एकसुद्धा नाही.”

“कागद उंचावर लावला असंल,” त्या म्हणाल्या. “लोकांना दिसला नसंल.” नंतर त्यांनी प्रत अँजेलिनाच्या दप्तरात तळाशी, वह्यांच्या खाली सरकवली.

कागद उंचावर नव्हता. छातीच्या उंचीला होता, आणि मुलुंडच्या मंडपात त्याच्यासमोर मी तुम्हाला पाहिले आहे. तुम्ही तो पूर्ण वाचलात, दोनदा वाचलात. शेजारच्या गृहस्थांना म्हणालात की, बिचारी, कोणीतरी सही करायला पाहिजे हो. ते म्हणाले, खरंच पाहिजे. मग आत टाळ वाजले आणि आपण सगळेच लगबगीने जागा धरायला गेलो. बुवांनी त्या दिवशी परोपकारावर निरूपण केले. तुमच्या डोळ्यांत पाणी आले होते, माझ्याही आले.

आताही तुम्हाला वाईट वाटते आहे, हे उपसमितीपुढे ठेवले. तशी नोंद घेण्यात आली आहे.